बर्गनचं जुनं बंदर: मुक्काम कुठे करायचा, काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने

नॉर्वेतल्या बर्गनला जाऊन आलेली मंडळी हमखास दोन तक्रारी करतात. एक, "ब्रिगेनमध्ये (जुन्या बंदरावरच्या लाकडी वस्तीत) बघण्यासारखं काही नाही, दहा मिनिटांत उरकलं." दुसरी, "हॉटेल नकाशावर अगदी जवळ दिसत होतं, पण बॅगा चढवताना जीव गेला." दोन्ही तक्रारींचं मूळ क्रम चुकण्यात आहे. आधी विमानाचं तिकीट, मग फोटो बघून खोली, आणि बघायचं काय ते तिथे पोचल्यावर, असा बहुतेकांचा शिरस्ता असतो. बर्गनला हा शिरस्ता महागात पडतो. इथे पाऊस आहे, चढ आहे, क्रूझची गर्दी आहे आणि अर्धी स्थळं फक्त उन्हाळ्यात उघडी असतात.

खालचे टप्पे तीन रात्री आणि दोन पूर्ण दिवस धरून लिहिले आहेत.

टप्पा १: तारखा ठरवा, पण आधी तीन कॅलेंडरं बघा

पहिलं कॅलेंडर स्थळांचं. फान्तोफ्तचं लाकडी चर्च आणि 'गामले बर्गन' हे जुन्या घरांचं खुलं संग्रहालय उन्हाळ्यापुरतं चालतं. साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या तारखा घेतल्या की सगळं उघडं मिळतं. डिसेंबरात साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. जुनं बंदर त्या अंधारात सुंदर दिसतं, पण दिवसभरात एक-दोन स्थळांपलीकडे मजल जात नाही.

दुसरं कॅलेंडर गावाचं. १७ मे हा नॉर्वेचा संविधान दिन. रस्तोरस्ती मिरवणुका, पारंपरिक पोशाख, बॅंड. बघायला बहार येते. मात्र दुकानं आणि संग्रहालयं बंद, आणि खोल्या कित्येक महिने आधी भरलेल्या. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय संगीत-नाट्य महोत्सव असतो, तेव्हाही खोल्यांचे दर चढतात.

तिसरं कॅलेंडर जहाजांचं, आणि नेमकं हेच कोणी बघत नाही. कोणत्या तारखेला कोणतं क्रूझ जहाज लागणार याची यादी बर्गन बंदराच्या संकेतस्थळावर असते. तीन-चार मोठी जहाजं एकदम लागली की ब्रिगेनच्या अरुंद बोळांत दुपारी पाय ठेवायला जागा नसते.

तपासणी: तुमच्या दोन दिवसांपैकी ज्या दिवशी जहाजं कमी, तो जुन्या बंदरासाठी राखा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा किराणा शनिवारीच.

पाऊस चुकवण्यासाठी तारखा शोधत बसू नका. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस इथे पाऊस पडतो. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, एवढंच.

टप्पा २: व्हिसा आणि विमान

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन या एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. म्हणजे शेंगेन व्हिसाच लागतो. आपल्याकडची नेहमीची चूक अशी: कोपनहेगन, स्टॉकहोम, बर्गन असा दौरा आखायचा आणि ज्या देशाची तारीख लवकर मिळेल तिथे अर्ज टाकायचा. नियम मुक्कामाच्या रात्री मोजतो. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखा असेल तर ज्या देशातून आधी शिरणार त्याच्याकडे.

क्रम असा ठेवा:

१. दौऱ्याच्या रात्री कागदावर मांडा आणि देश ठरवा.
२. फुकट रद्द करता येईल अशी खोली आरक्षित करा.
३. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा काढा. परतीच्या तारखेपर्यंतचे सगळे दिवस त्यात आले पाहिजेत.
४. नॉर्वेच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज भरा, मग व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात कागदपत्रं आणि बोटांचे ठसे द्या.
५. परत न मिळणारी तिकिटं व्हिसा हातात पडल्यावरच काढा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. उन्हाळ्यासाठी पंधरा दिवसांवर विसंबणं म्हणजे आ बैल मुझे मार. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

मुंबईहून बर्गनला थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम किंवा कोपनहेगनहून बदलून गेलात तर इमिग्रेशन त्या विमानतळावर होतं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांग लांबते. मधला वेळ दीड तासाचा असेल तर तो सोडा, तीन तासांचा घ्या. ओस्लोहून बदलत असाल तर आधी विचारा: तिथे बऱ्याचदा सामान स्वतः उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावं लागतं.

इशारा: डब्यात पेढे, तूप, पनीर, श्रीखंड नको. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. बटाटेही नाहीत. भाकरवडी, चकल्या, मेतकूट, लाडू चालतील असं म्हणताना लाडू तुपाचा आहे हे लोक विसरतात. तो घरीच खाऊन निघा.

टप्पा ३: मुक्कामाची जागा

बर्गन डोंगर आणि खाडीच्या मधल्या पट्टीवर वसलंय. वोगेन नावाचं लांबोडकं जुनं बंदर मध्ये, त्याच्या एका काठावर ब्रिगेन, दुसऱ्या काठावर नोर्दनेसचं भूशिर, आणि ब्रिगेनच्या पाठीला लगेच फ्लोयेनचा डोंगर. मुख्य स्थळांपैकी बरीचशी पायी पंधरा मिनिटांच्या आत येतात, म्हणून 'मध्यवर्ती' या शब्दाला इथे फारसा अर्थ नाही, सगळेच मध्यवर्ती. विचारायचं ते हे: चढ किती आणि लिफ्ट आहे का?

*वोगेनचा काठ.* ब्रिगेनच्या बाजूला राहिलात तर सकाळी सातला बोळांत एकटे असाल. समोरच्या काठावर राहिलात तर खिडकीतून ब्रिगेनची पूर्ण रांग दिसते. जुन्या वखारीच्या इमारतीतलं क्लॅरियन ॲडमिरल यासाठीच ओळखलं जातं. टोर्गे या बाजारचौकाच्या तोंडाशी, जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत बर्गन बोर्स हॉटेल आहे. सगळी महाग. आणि ॲडमिरलमध्ये खोली घेताना 'बंदराकडची' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती मागच्या गल्लीवर उघडेल.

*स्टेशन आणि मार्केन.* माझं मत विचाराल तर कुटुंबासाठी हीच जागा. रस्ता सपाट, रेल्वे स्टेशन आणि ट्राम दोन्ही हाकेच्या अंतरावर, ब्रिगेन पंधरा मिनिटांत. १९२८ पासूनचं ग्रँड हॉटेल टर्मिनस स्टेशनसमोरच आहे. कमी खर्चात मार्केन गेस्टहाउससारखी सामायिक स्वयंपाकघराची ठिकाणं मिळतात.

*नोर्दनेस आणि सांडविकेन.* पांढऱ्या लाकडी घरांच्या उतरत्या गल्ल्या, फोटोत बघून जीव हरखतो. भाड्याची घरं इथे पुष्कळ. पण घर जुनं म्हणजे जिना अरुंद आणि उभा, आणि वरची मोरी माळ्याच्या उताराखाली. तरुण जोडप्यांनी जरूर राहावं.

*फ्लोयेनचा उतार.* 'ब्रिगेनपासून २५० मीटर' असं लिहिलेली बरीच घरं या उतारावर आहेत. ते २५० मीटर म्हणजे ओल्या दगडी पायऱ्या. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील, किंवा मोठ्या बॅगा असतील, तर इकडे वळूच नका.

*गावाबाहेर.* लानोसच्या उतारावरचं मोंताना हॉस्टेल आणि ट्रामच्या मार्गावरची हॉटेलं स्वस्त पडतात. पण वाचलेले पैसे ये-जा आणि बाहेरच्या जेवणात जातात का, हिशेब करा.

खोली पक्की करण्याआधी तपासा:

- पत्ता नकाशात टाकून रस्त्याच्या पातळीवरचे फोटो बघा. पायऱ्या दिसल्या की उत्तर मिळालं.
- लिफ्ट आहे का, आणि कोणत्या मजल्यापर्यंत?
- नाश्ता दरात आहे का? नॉर्वेतल्या हॉटेलांचा नाश्ता भरपेट असतो आणि बाहेरचं साधं जेवणही खिशाला झोंबतं, तेव्हा नाश्त्यासह थोडी महाग खोली शेवटी स्वस्त ठरते.
- हॉस्टेलमध्ये चादरी-टॉवेलचे पैसे वेगळे आहेत का?
- पडदे पूर्ण काळोख करणारे आहेत का? जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो. लहान मुलं झोपत नाहीत.
- शुक्रवार-शनिवारच्या रात्री खालच्या मजल्यावर बार तर नाही?

शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. रेमा १०००, किवी अशी किराणा दुकानं सगळीकडे आहेत. तांदूळ, डाळी, दही, भाज्या मिळतात.

टप्पा ४: बॅग भरताना

थोडक्यात सांगतो. छत्री वाऱ्यात उलटी होते. टोपी असलेलं जलरोधक जाकीट घ्या. बुटांचा तळ खडबडीत हवा, कारण ब्रिगेनच्या फळ्या आणि गावातले गोटे ओले झाले की शेवाळलेल्या घाटासारखे निसरतात. जूनमध्येही एक स्वेटर. रोकड जवळपास लागतच नाही, कार्ड चालतं. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते घरून निघण्याआधी बघा. पाण्याची बाटली घरूनच न्या, नळाचं पाणी उत्तम आहे.

टप्पा ५: पोचल्यावर

फ्लेसलांड विमानतळावरून गावात यायला 'बीबानेन' ही ट्राम आहे. पहिल्या क्रमांकाची लाइन टर्मिनलपासून निघून साधारण पाऊण तासात बीपार्केन या शेवटच्या थांब्यावर येते. विमानतळाची खास बस त्याहून लवकर पोचवते, पण दर बराच जास्त. ट्रामचं तिकीट गावातल्या साध्या प्रवासाइतकंच असतं.

१. तिकीट चढण्याआधी काढा, थांब्यावरच्या यंत्रावर किंवा 'शिस' या वाहतूक सेवेच्या ॲपवर. आत मिळत नाही आणि दंड जबर असतो.
२. स्टेशनजवळ मुक्काम असेल तर नोनेसेतेर थांब्याला उतरा. ब्रिगेनच्या बाजूला असेल तर बीपार्केनला उतरून दहा-बारा मिनिटं सपाट चालत जा.
३. खोली बहुधा दुपारी तीनला मिळते. आधी पोचलात तर बॅगा हॉटेलात ठेवा. घर भाड्याचं असेल तर रेल्वे स्टेशनवर लॉकर आहेत.

बर्गन कार्ड घ्यायचं का? २४, ४८, ७२ आणि ९६ तासांची कार्डं मिळतात. त्यात ट्राम-बस आणि बरीच संग्रहालयं फुकट किंवा सवलतीत. टप्पा ६ आणि ७ दोन्ही करणार असाल तर आकडेमोड बहुधा कार्डाच्या बाजूने जाते. मात्र कार्ड तासांवर चालतं, तेव्हा पहिल्या संध्याकाळी ते सुरू करू नका.

टप्पा ६: पहिला दिवस, जुनं बंदर

लोक काय करतात? अकराला फिस्केटोर्गे या मासळीबाजारात जातात, दराची पाटी न बघता ताटली मागवतात, मग फ्लोयेनच्या रेल्वेच्या रांगेत उभे राहतात, आणि चारला ब्रिगेनसमोर फोटो काढून परततात. हा दिवस उलटा फिरवायचा.

*६.१. सकाळी आठच्या आत ब्रिगेनच्या बोळांत.* बंदराकडे तोंड केलेली लाल, पिवळी, पांढरी त्रिकोणी घरं म्हणजे ब्रिगेनचा नुसता चेहरा. समोरून पाहताना उजवीकडच्या बऱ्याच इमारती विटांच्या आहेत, जुन्या लाकडी वखारी पाडून सुमारे १९०० साली बांधलेल्या. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे ती लाकडी वस्ती. तिच्या दोन घरांमधल्या फटीतून आत शिरा. पायाखाली फळ्या, दोन्ही बाजूंना वरून झुकलेल्या लाकडी ओवऱ्या, माल वर ओढायची कप्पी अजून टांगलेली, आणि ओल्या जुन्या लाकडाचा वास. उत्तर नॉर्वेतून आलेला सुका कॉड मासा जर्मन व्यापारी इथे साठवत आणि बदल्यात धान्य देत. घरं १७०२ च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभारलेली. भिंती वाकड्या दिसतील. खालची जमीन खचते, म्हणून काही घरं उचलून त्यांचा पाया दुरुस्त करण्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. एखाद्या बोळात परांची बांधलेली दिसली तर नाक मुरडू नका, थांबून सुतारकाम बघा.

तपासणी: मागच्या टोकाला दगडी तळघरं दिसली का? आगीपासून मौल्यवान माल वाचवण्यासाठी ती बांधलेली. ती दिसली नाहीत तर तुम्ही मध्येच परत फिरलात.

इशारा: इथे सिगारेट पेटवू नका. लाकडाचं गाव आहे. १९५५ च्या आगीत याचा मोठा भाग गेला.

*६.२. ब्रिगेन्स म्युझियम.* त्याच आगीनंतर झालेल्या उत्खननावर हे १९७६ साली उभं राहिलं. इमारतीच्या तळाशी जुन्या बर्गनचे पाये जागच्या जागी आहेत. पण खरी मौज रून या जुन्या नॉर्डिक लिपीत कोरलेल्या लाकडाच्या कांड्यांची. उत्खननात त्या शेकड्यांनी सापडल्या: मालावरच्या नावाच्या चिठ्ठ्या, निरोप, प्रेमाच्या ओळी. एकीवर एवढंच कोरलंय, "ग्युदा म्हणते, घरी ये." नवरा कुठे बसला होता याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

*६.३. स्कोत्स्तुएने.* वखारींत आग पेटवायला बंदी होती. त्यामुळे व्यापाऱ्यांचं शिजवणं, शेकणं, जेवणं आणि कोवळ्या शिकाऊ पोरांना शिस्त लावणं, सगळं मागच्या बाजूच्या या वेगळ्या खोल्यांत चाले. बोळ आधी आणि या खोल्या नंतर, असा क्रम ठेवला तरच दोन्हींचा मेळ बसतो. हान्सा (या जर्मन व्यापाऱ्यांचा संघ) संग्रहालयाचं मुख्य लाकडी घर २०१८ पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात आलं. ते उघडलंय का हे जाण्याआधी बघा. स्कोत्स्तुएनेचं तिकीट ब्रिगेन्स म्युझियमच्या तिकिटात येत नाही, संस्था वेगळ्या आहेत.

*६.४. मारियाशिर्केन.* स्कोत्स्तुएनेच्या समोरच. बाराव्या शतकातलं हे चर्च बर्गनची सर्वांत जुनी उभी इमारत. उघडण्याचे तास मोजके असतात, म्हणून दारावरची पाटी सकाळी जातानाच वाचून ठेवा.

*६.५. होकॉन्सहालेन आणि रोसेनक्रांत्स बुरूज.* बंदराच्या तोंडाशी चालत पाच मिनिटं. दगडी राजसभा १२४७ ते १२६१ च्या दरम्यान राजा होकॉन होकॉन्सनने बांधली. २० एप्रिल १९४४ ला बंदरात स्फोटकांनी भरलेलं 'वोरबोदे' हे डच जहाज फुटलं आणि सभागृहाचं छत उडालं. आज दिसतं ते १९६१ साली पुन्हा खुलं झालेलं रूप. हे ठाऊक असेल तर आतल्या उघड्या भिंती आणि नवं लाकूड पाहून फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. शेजारच्या बुरुजाचे जिने वळणाचे आणि खांद्याएवढे रुंद. पाठीवरची मोठी पिशवी खाली ठेवा. वयस्कर मंडळींनी बाहेरच्या बाकावर बसावं, किल्ल्याचं आवार फुकट आहे. सभागृहात समारंभ असला की प्रवेश बंद असतो. त्या दिवसाची वेळ आदल्या रात्री बघा.

*६.६. दुपारी विश्रांती.* एक ते चार बोळांत गर्दी सर्वांत जास्त. ही वेळ खोलीवर, किंवा मार्केनच्या बाजूला सेंट यॉर्गन इस्पितळातल्या कुष्ठरोग संग्रहालयात (उघडं असेल तर) घालवा. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली गेर्हार्ड आर्माउअर हान्सेनने याच गावात शोधला. आनंदवनाशी नातं असलेल्या मराठी माणसाने ही जागा चुकवू नये असं मला वाटतं, पण लहान मुलांना नेण्याचा आग्रह नाही.

*६.७. संध्याकाळी फोटो, मग डोंगर.* ब्रिगेनचं तोंड नैर्ऋत्येला आहे. सकाळी ते सावलीत असतं, संध्याकाळी त्यावर ऊन पडतं. समोरच्या काठावरून, सहानंतर. मग फ्लोयेनची रेल्वे पकडा. १९१८ पासून चालणारी ही गाडी काही मिनिटांत ३२० मीटरवर नेते आणि रात्री अकरापर्यंत धावते. तिकीट ॲपवर आधी काढा. वर जायचं गाडीने आणि उतरायचं पायी, साधारण पाऊण तास, वाट चांगली आहे. ढग डोंगराच्या माथ्यावर टेकलेले दिसले तर त्या दिवशी जाऊच नका, पांढरं धुकं बघायला पैसे मोजण्यात अर्थ नाही.

टप्पा ७: दुसरा दिवस, ट्रामच्या मार्गावर

सकाळी ट्रामने फान्तोफ्तला. थांब्यापासून झाडीतून दहा-एक मिनिटांचा चढ. इथलं खवल्यांच्या छपरांचं काळं चर्च सोग्न भागातल्या फोर्तुनहून १८८३ साली इथे हलवलं, ६ जून १९९२ ला जाळलं गेलं आणि १९९७ साली पुन्हा उभं राहिलं. म्हणजे लाकूड नवं, घडण जुनी. मध्ययुगातलं मूळ लाकूडच बघायचं असेल तर सोग्नमधलं उर्नेस किंवा बोरगुन गाठावं लागेल आणि त्यासाठी वेगळा दिवस हवा.

तिथून पुढे हॉप थांबा. वीसेक मिनिटं चालून संगीतकार एडवर्ड ग्रीगचं त्रोल्हाउगेन हे घर. उन्हाळ्यात दुपारी छोट्या मैफली होतात. त्यांची वेळ आधी ठरवा आणि फान्तोफ्तची वेळ त्यावरून मागे मोजा. उलट केलंत तर मैफल हुकते. घराखाली पाण्याच्या काठी त्याची स्वर लिहिण्याची लाकडी खोपी आहे, ती चुकवू नका. घरापेक्षा तीच लक्षात राहते.

दुपारनंतर बसने सांडविकेनला, गामले बर्गन बघायला. अठराव्या ते विसाव्या शतकातली पन्नासेक लाकडी घरं एकत्र मांडलेली आहेत. परतताना बस न घेता स्कुतेविकेनच्या गल्ल्यांतून बंदराकडे चालत या. लोक राहतात ती घरं आहेत, खिडकीला कॅमेरा लावू नका.

इशारा: याच दिवशी फ्लोमच्या रेल्वेची आणि फियोर्डची (डोंगरांमधल्या खोल खाडीची) सहल कोंबू नका. ती पहाटेपासून रात्रीपर्यंतची आहे. हवीच असेल तर चौथी रात्र वाढवा.

टप्पा ८: निघताना

पहाटेचं विमान असेल तर पहिली ट्राम कितीला, हे आदल्या दिवशी शिसच्या ॲपवर बघा. रविवारी ती उशिरा सुरू होते. जमवलेल्या बाटल्या-डबे किराणा दुकानातल्या यंत्रात टाकून ठेवीचे पैसे घ्या. ओस्लोला रेल्वेने जाणार असाल तर साडेसहा ते सात तास धरा आणि डब्यात खायला घेऊन चढा. फ्रँकफर्ट किंवा ॲमस्टरडॅमहून मुंबईचं विमान असेल तर शेंगेनमधून बाहेर पडण्याची तपासणी तिथे होते, बर्गनला नाही. मधल्या वेळात तेवढी रांग मोजलेली असू द्या, आणि पासपोर्ट चेक-इन बॅगेत नाही ना, तेवढं ट्राममध्ये बसण्याआधी चाचपा.